ट्रेडिंगच्या चार स्क्रीनच्या सेटअपमध्ये माझे ८६,५०० गेले. घेणाऱ्यांनो, केबल कुठे लागते ते आधी बघा

रक्कम आधीच लिहून टाकते. ८६,५०० रुपये. त्यातले ४०,००० यूपीआयने, ४६,५०० रोख. शिवाय एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवशी १४,४०० गेले ते वेगळे. हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटते. मी चौदा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स सांभाळले. "हे कच्चं बिल आहे, चालणार नाही" म्हणून भल्याभल्यांची बिलं परत पाठवणारी बाई मीच. आणि मीच कच्च्या बिलावर कॉम्प्युटर घेतला. घरात अजूनही हा विषय निघाला की मी उठून आत जाते.

नोकरी सोडल्यावर गेली तीन वर्षं डोंबिवलीत घरूनच निफ्टीचे ऑप्शन (शेअर बाजाराच्या निर्देशांकावरचे मुदतीचे सौदे) विकते. सगळं एका लॅपटॉपवर. चार्ट बघायचा तर ऑप्शन चेन (सगळ्या ऑप्शनच्या भावांचा तक्ता) झाकली जाते, चेन उघडली तर पोझिशन, म्हणजे माझे चालू सौदे दिसत नाहीत. एक्स्पायरीच्या दुपारी पाच-पाच सेकंदांना विंडो बदलत बसायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळेल. त्यामुळे चार स्क्रीन हा माझा शौक नव्हता, गरज होती. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या शंभरातले ९३ जण तोट्यात गेले. मला ते पाठ आहे. पण बाजारात गेलेला पैसा वेगळा आणि माणसाने तोंडावर गोड बोलून काढून घेतलेला पैसा वेगळा.

दुकान सापडलं माझ्या ट्रेडिंगच्या क्लासच्या ग्रुपवर. सरांच्या मागे भिंतभर स्क्रीनचा फोटो, खाली "आपल्या विद्यार्थ्यांसाठी खास दर". आता वाटतं तिथेच थांबायला हवं होतं, पण ज्या माणसाकडून तुम्ही शिकता त्याच्यावर संशय कसा घेणार? त्यांना माझ्यामागे ४,००० मिळाले, हे दुकानातल्याच पोराच्या तोंडून नंतर निघालं.

कागदावर लिहून दिलेला हिशेब असा होता: "आय ७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, गेमिंग बोर्ड, कॅबिनेट" मिळून ३८,५००. "१०५० टाय ४ जीबी" ग्राफिक्स कार्ड ९,५००. २२ इंची चार मॉनिटर, ८,२५० प्रमाणे ३३,०००. चार हातांचा स्टँड ५,५००. बेरीज बरोबर होती, ती मी दोनदा तपासली. बेरीजच तपासली, बाकी काही नाही.

"ताई, पक्कं बिल घेतलंत तर १८ टक्के जीएसटी वर लागेल. तुम्हाला कुठे क्रेडिट घ्यायचंय?" १८ टक्के म्हणजे १५,५७०. मी मनातल्या मनात आकडा काढला आणि गप्प बसले. खरं सांगते, घरी वापरायच्या वस्तूला इतके पैसे वाचत असतील तर किती जण नाही म्हणतील? पण तेच १५,५७० पुढे प्रत्येक टेबलावर माझ्या तोंडावर मारले गेले. पक्कं बिल घ्या. दुकानदार कितीही ताई-ताई करू दे, सिरियल नंबरसकट बिल घ्या.

ज्या क्यूआरवर ४०,००० गेले तो दुकानाच्या नावाचा नव्हता, कुण्या बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे," म्हणाला. मी पिन टाकला.

भाच्याने फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "मावशी, आय ७ कितव्या जनरेशनचा?" मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "नवीन पीस आहे ताई, पॅक." मी भाच्याला सांगितलं, नवीन आहे. प्रश्न काय आणि उत्तर काय! तो निघाला आय ७ ३७७०. तिसरी जनरेशन, २०१२ सालची. बोर्ड खरंच नवा होता, पण एच ६१ या तशाच जुन्या चिपसेटचा. अजूनही चीनमधून असे नवे बोर्ड येतात, कारण ऑफिसांतून निघालेले जुने प्रोसेसर त्यावर बसवून "नवा कॉम्प्युटर" म्हणून विकता येतो. नुसतं "आय ७" म्हणजे काहीच नाही, आठव्या जनरेशनच्या खालच्या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर चालत नाही. मला सांगितलं होतं, "ट्रेडिंगला विंडोज १० च बेस्ट." त्याच १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार, हे मायक्रोसॉफ्टने कधीच जाहीर केलेलं होतं. त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

आता ती वेळ. ती आठवली की अजून जीव जळतो.

फेब्रुवारी २०२५ मधली शनिवारची दुपार. दुकानातला पोरगा बेडरूममध्ये सेटअप जोडत होता. कॅबिनेट भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, तो गुडघ्यावर बसलेला, आणि मी मोबाइलचा टॉर्च धरून त्याच्या डोक्यावर उभी. मागे वरच्या बाजूला बोर्डाची भोकं, खाली आडव्या पट्टीत कार्डाची. त्याने दोन केबल खाली कार्डात लावल्या. तिसरी केबल हातात घेतली, खालचं तिसरं भोक रिकामं होतं, तिथे लावलीही. स्क्रीन काळी. काढली. परत लावली. काळीच. मग काही न बोलता त्याने ती वर बोर्डात लावली. चौथीही वर. चारही स्क्रीन उजळल्या.

मी विचारलं. मी विचारलं, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण सगळे म्हणतात "तुम्ही विचारायचं ना." मी म्हटलं, "अरे, चार स्क्रीनसाठी कार्ड घेतलं ना? मग दोन वर का?" तो म्हणाला, "मॅडम, लोड डिव्हाइड होतो. कार्ड गरम नाही होत." टॉर्च माझ्याच हातात होता. त्या उजेडात कार्डावरचं निळं, पंधरा पिनांचं व्हीजीएचं भोकही मला स्पष्ट दिसत होतं. साडेनऊ हजारांच्या कार्डाने दोनच स्क्रीन चालवल्या आणि उरलेल्या दोन बोर्डाने फुकटात. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. तो टॉर्च बंद करून "हे सगळं उचल आणि घेऊन जा" म्हणायला हवं होतं. मी त्याला चहा केला.

जाताना त्याने विंडोजचं अपडेट बंद केलं. "कधीच चालू करू नका, ट्रेडिंग सिस्टिम आहे." कुणी असं बजावलं तर समजा की अपडेट झाल्यावर काहीतरी उघडं पडणार आहे.

चार महिने चाललं. अधूनमधून स्क्रीन लुकलुकायची, फोन केला की "केबल टाइट करा". जूनमध्ये भाचा राहायला आला, अपडेट बंद बघून म्हणाला हे धोक्याचं आहे, आणि त्याने ते चालू केलं. त्याची काही चूक नाही. पुढच्या गुरुवारी एक्स्पायरी. (तेव्हा निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारी असायची, मंगळवार सप्टेंबर २०२५ पासून झाला.) दुपारी २:४१ ला कार्डावर लावलेल्या दोन स्क्रीन काळ्या झाल्या, मग सगळंच गोठलं, मग निळी स्क्रीन, रीस्टार्ट, परत निळी. विंडोजने एनव्हिडियाचा (१०५० टाय बनवणाऱ्या कंपनीचा) खरा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर चढवला होता आणि खोट्या कार्डाला तो झेपला नाही. माझे चार लॉट, म्हणजे ३०० क्वांटिटीचा कॉल (बाजार वर गेला की महाग होणारा ऑप्शन) १९ ला विकलेला होता. मोबाइलवरून तो परत विकत घेऊन बाहेर पडले तेव्हा भाव ६७. ४८ रुपये गुणिले ३००, १४,४००. अकरा मिनिटांत.

मोबाइल हातात का नव्हता? स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, आणि पहिली पाच-सहा मिनिटं मी "आता सुरू होईल" म्हणून बटणच दाबत होते. ॲपने पुन्हा लॉगिन मागितलं, त्यात दोन मिनिटं. स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्यावर आपोआप बाहेर काढणारी ऑर्डर) का नव्हता? तो भावाच्या एका क्षणिक उसळीत उडतो म्हणून मी सिस्टिममध्ये टाकत नाही, मनात धरते. ही सवय आता सोडली आहे.

कार्ड काढून साडीच्या जुन्या पिशवीत घातलं आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. तिथे एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांनी ३०० रुपये घेतले आणि अर्ध्या तासात जे सांगितलं ते मला क्लासमधल्या एकानेही सांगितलं नव्हतं. त्यांनी कार्ड स्वतःच्या मशीनला लावून जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडलं. कार्डाच्या नावाच्या आधीच "फेक" असं आलं. मग पंख्याचे चार स्क्रू काढले, वाळलेली पेस्ट पुसली आणि भिंग माझ्या हातात दिलं. चिपवर कोरलेलं होतं: जीएफ ११६. म्हणजे जीटीएक्स ५५० टाय, २०११ सालचं कार्ड. त्याच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) खोटं नाव भरून ते १०५० टाय बनवलेलं.

"बाई, त्या पिढीची चिप एका वेळी दोनच स्क्रीन चालवते. भोकं तीन असली तरी दोनच." म्हणून तिसरी केबल लावल्यावर स्क्रीन काळी. पोराला ते माहीत होतं. त्याने चूक करून पाहिली नाही, मी बघतेय म्हणून एक नाटक केलं.

काकांनी सांगितलेलं आणखी लिहिते, कारण कुणाचे तरी पैसे वाचतील. खऱ्या १०५० टायला जुनं व्हीजीए भोक नसतं आणि त्यावरही सहसा तीनच स्क्रीन लागतात. म्हणजे कागदावर लिहिलेलं खरं असतं तरी माझं काम झालं नसतं. चार्टला गेमिंग कार्ड लागतच नाही, लागतात ती आउटपुटं. क्वाड्रो पी ६२० सारख्या साध्या कार्डाला चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. चार एचडीएमआयचं जीटी ७१० सुद्धा निघालेलं आहे. ब्राउझरमधले चार्ट रॅम खातात, तिथे पैसे घाला. दुकानातच, तुमच्यासमोर, सगळ्या स्क्रीन एकाच कार्डावर लावून दाखव म्हणा. नाही म्हणाला तर तुमचं उत्तर मिळालं. आणि मॉनिटर उलटा करून मागचं लेबल बघा, आर पासून सुरू होणारा बीआयएसचा नंबर असतो. माझ्या चारपैकी दोघांवर लेबल खरवडल्याच्या खुणा होत्या, त्यावर मॉनिटर नव्यासारखा दिसावा म्हणून प्लास्टिक चिकटवलेलं.

दुकानदाराने फोन घेणं बंद केलं. मी दुकानात गेले तर म्हणाला, "वॉरंटी? कुठे लिहिलीय?" तोंडी होती. कच्च्या कागदावर त्याची सही नव्हती, शिक्काही नव्हता.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे आहेत?" पैसे माझे, खातं माझं, फसवलं मला, आणि मिस्टर कशाला? दुसरा प्रश्न, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, २०११ चं कार्ड खोटं नाव भरून विकणं ही फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम कशासाठी आहे? त्यावर तो माणूस हसला. हसला! अर्ज साध्या कागदावर ठेवून घेतला, पोच मागितली तर "साहेब आल्यावर". चार वेळा गेले. साहेब बंदोबस्तावर, साहेब कोर्टात, साहेब रजेवर, आणि चौथ्या वेळी साहेब होते तर अर्ज सापडेना. सायबर कक्षात म्हणाले, व्यवहार दुकानात झाला, आमच्याकडे येत नाही. मग ते ४०,००० ऑनलाइन गेले ते? "तुम्ही स्वतः पाठवलेत ना." बँकेतही तेच, पंचेचाळीस मिनिटं रांगेत उभं राहून. मला काही तो पिन कुणी बंदूक रोखून टाकायला लावला नव्हता, मान्य. पण जो माणूस दुसऱ्याच्या नावाच्या क्यूआरवर रोज पैसे घेतो त्याच्याकडे कुणीच बघणार नाही का? एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, मला बरं वाटलं. एकोणीस दिवसांनी मेसेज: विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद त्याने दिला नाही आणि बंद माझी तक्रार झाली! करचुकवेगिरीची तक्रार करायला गेले तर समोरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही स्वतः अकाउंटंट होतात ना?" त्या एका वाक्याने मी परत फिरले. रिक्षात बसून रडले.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जायचं असतं. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काकांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं, आणि चिपचा फोटो. बोलणं डिलीट करू नका, रागाच्या भरात ब्लॉकही करू नका, मी पहिल्याच दिवशी केलं होतं. दुकानदार "बदलून देतो" म्हटला तरी कार्ड त्याला परत देऊ नका, ते हातातून गेलं की पुरावा गेला. एक तारीख झाली. तो आला नाही. पुढची मिळालीय.

दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

मागच्या आठवड्यात क्लासच्या ग्रुपवर त्या दुकानाचा नवा व्हिडिओ आला. कुण्या काकांच्या घरी सहा स्क्रीन लावल्यात, काका सोफ्यावर बसून हसतायत, त्यांच्या बायकोने टेबलाला हार घातलाय. शेवटी कॅमेरा कॅबिनेटच्या मागून फिरतो. मी तिथे थांबवून मोठं करून पाहिलं. दोन केबल वरच्या भोकांत होत्या.