न थांबणारा ठेका: मध्यलयीतील काही पाश्चात्त्य बॅलड

बॅलड म्हटले की बहुतेकांना पियानोवर संथपणे सुरू होऊन शेवटी ड्रम, व्हायोलिने आणि गायकाचा टिपेचा स्वर यांच्या गदारोळात संपणारे गाणे आठवते. मी शिफारस करतो आहे ती मिनिटाला साधारण ८० ते १२० ठोक्यांच्या, म्हणजे चालण्याच्या गतीच्या बॅलडांची. त्यांतले शब्द दुःखाचे असतात, पण ठेका त्यांच्यासाठी थांबत नाही आणि त्यामुळे गायकालाही रडत बसायला उसंत मिळत नाही. निवड करताना मी हीच कसोटी लावली आहे.

या कसोटीला सर्वांत चोख उतरते ते फ्लीटवूड मॅक या बँडचे १९७७ च्या ‘रूमर्स’ अल्बममधील ‘ड्रीम्स’. जवळजवळ सगळे गाणे दोनच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर) उभे आहे. मिक फ्लीटवूडचा ड्रम आणि जॉन मॅकव्हीचा बेस (खर्जातले गिटार) पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच चालीने जातात आणि त्यावर स्टीव्ही निक्स तुटत चाललेल्या नात्याबद्दल इतक्या शांतपणे गाते की, ज्याच्याविषयी ती गाते आहे तो लिंडसे बकिंगहॅम त्याच गाण्यात गिटार वाजवतो आहे, हे कळल्यावर ऐकणाराच अवघडतो. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले या बँडचे हे एकमेव गाणे आहे. हेडफोनवर ऐकणार असाल, तर एकदा केवळ बेसच्या मागे जावे.

१९६८ चे ‘विचिटा लाइनमन’ याच्याही आधीचे. जिमी वेबने ते लिहिले, ग्लेन कॅम्पबेलने गायले. विषय म्हणाल तर रस्त्याकडेच्या तारांची देखभाल करणारा एक कामगार आणि त्याला येणारी कुणाची तरी आठवण, इतकाच. वेबच्या मते गाणे अपुरे होते. त्याची मोकळी राहिलेली जागा कॅम्पबेलने सहा तारांच्या बेस गिटारवर वाजवलेल्या सुरावटीने भरली आणि माझ्या मते तीच जागा आज गाण्याचे हृदय आहे. व्हायोलिनांचे तारायंत्रासारखे थरथरणारे तुकडे कुणाला कृत्रिम वाटू शकतील. मला ते नेमके वाटतात.

द पोलिस या बँडच्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ची (१९८३) शिफारस करताना मात्र एक इशारा द्यायला हवा. अँडी समर्सच्या गिटारचा एकसारखा, मोजून-मापून चालणारा तुकडा इतका गोड आहे की अनेक जण हे गाणे प्रेमगीत समजून लग्नसमारंभात वाजवतात. शब्द लक्षपूर्वक ऐकले, तर सोडून गेलेल्या व्यक्तीवर पाळत ठेवणारा मत्सरी माणूस समोर येतो. मग तोच न चुकणारा ठेका पाठलाग करणाऱ्या पावलांसारखा वाटू लागतो.

सिंडी लॉपरचे ‘टाइम आफ्टर टाइम’ बहुतेकांनी ऐकलेले असते, म्हणून इतकेच सांगतो की जॅझ वादक माइल्स डेव्हिसने १९८५ च्या एका अल्बमसाठी ते ट्रम्पेटवर वाजवले होते, आणि शब्द काढून घेतल्यावरही चाल किती टिकाऊ आहे हे तिथे कळते. क्राउडेड हाउस या बँडचे ‘डोन्ट ड्रीम इट्स ओव्हर’ (१९८६) त्यातल्या ऑर्गनच्या एकट्या तुकड्यासाठी तरी ऐकावेच. टेनसीसी या बँडचे ‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’ (१९७५) मी नाइलाजाने बाजूला ठेवले: टेपवर एकावर एक चढवलेल्या आवाजांचा तो ढग अप्रतिम आहे, पण गाणे चालत नाही, तरंगते.

शेवटी ट्रेसी चॅपमनचे १९८८ चे ‘फास्ट कार’. गिटारची एक छोटी सुरावट कडव्यामागून कडवे फिरत राहते. दारुडा बाप, अर्धवट सुटलेले शिक्षण, दुकानातली नोकरी असे सगळे बदलत जाते, पण सुरावट जागची हलत नाही. केवळ ध्रुवपदात, वेगाची आठवण निघाली की ड्रम जोमाने येतात, आणि ओसरले की पुन्हा तीच सुरावट उरते. शेवटच्या कडव्यात ज्या गाडीतून दोघे पळून जाणार होते, त्याच गाडीतून निघून जायला गाण्यातली नायिका जोडीदाराला सांगते, आणि तेव्हाही गिटारचा वेग तसूभर बदलत नाही.