जस्ताच्या विलेपनासाठी युरिया की ग्लायकॉल?

जस्ताचे विद्युत विलेपन, म्हणजे विजेच्या साहाय्याने जस्ताचा थर चढवणे, पाण्याऐवजी कोलीन क्लोराइड या क्षाराच्या द्रवातून करायचे ठरले, की त्याच्या जोडीला युरिया घ्यावा की एथिलीन ग्लायकॉल, हा प्रश्न येतोच. दोन्ही मिश्रणे एकास दोन याच प्रमाणात होतात आणि दोन्हींना ग्लव्हबॉक्स (हवा-ओलावा आत न येऊ देणारी बंद पेटी) लागत नाही. (त्यांना काटेकोर अर्थाने आयनिक द्रव, म्हणजे केवळ आयनांचे बनलेले द्रव, म्हणावे की नाही, हा वाद इथे नको.) सिलिकॉन किंवा जर्मेनियमचा थर हवा असेल, तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून पायरोलिडिनियमसारखे महागडे क्षार आणि कोरडा अरगॉन वायू अशी वाट धरावी लागते.

युरियाची बाजू पडती नाही. लेस्टर विद्यापीठातील अँड्र्यू अॅबट यांच्या गटाने २००३ मध्ये हे मिश्रण मांडले. ३०२ अंश सेल्सिअसला वितळणारे कोलीन क्लोराइड आणि १३३ अंशांना वितळणारा युरिया एकत्र आले की १२ अंशांपर्यंत द्रव राहतात, हे स्वतःच्या बीकरमध्ये पाहताना मला आजही गंमत वाटते. एक पदार्थ कोंबड्यांच्या खाद्यातला, दुसरा शेतातला. त्यामुळे खर्चाची फारशी चिंता नाही. शिवाय झिंक ऑक्साइड त्यात चांगले विरघळते, ग्लायकॉलच्या मिश्रणात तितके विरघळत नाही. ऑक्साइडपासूनच सुरुवात करायची असेल, तर माझा पुढचा मजकूर बाजूला ठेवून युरियाच घ्यावा.

माझे मत फिरले ते पाण्यामुळे. कोरडे असताना युरियाचे मिश्रण २५ अंशांना ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा दहापटीहून अधिक दाट असते. ढवळणीचा चुंबक त्यात अर्धा फेरा घेऊन अडकलेला मी कितीदा पाहिला आहे. जुलैमध्ये एकदा बाथ, म्हणजे विलेपनाचा द्रव, दोन दिवस नुसत्या वॉच ग्लासखाली (काचेच्या सैल झाकणाखाली) राहिला आणि तिसऱ्या दिवशी तांब्याच्या पट्टीवर एकदम एकसारखा, फिकट राखाडी थर बसला. विद्युतप्रवाहाची योग्य घनता सापडली, अशा समजुतीने मी वहीत ती ठळक अक्षरांत लिहिली. पुढच्या आठवड्यात तोच बाथ निर्वातात कोरडा करून तेच आकडे लावले, तर पट्टीच्या कडा काळ्या पडल्या आणि मधला भाग जवळजवळ उघडाच राहिला. थर सुधारला होता तो पावसाळी हवेतले पाणी ओढून बाथ पातळ झाल्याने, माझ्या हुशारीने नव्हे. बाथ पातळ करण्यासाठी तापवावा, तर ८० अंशांच्या पुढे अमोनियाचा वास येऊ लागतो.

ग्लायकॉलचे मिश्रणही पाणी ओढतेच, परंतु ते मुळातच पातळ असल्याने माझ्या अनुभवात सोमवारचा आणि शुक्रवारचा थर जवळजवळ सारखाच निघतो, आणि पट्टी कोमट पाण्यात दोनदा बुडवली की स्वच्छ होते. थराच्या रूपात मात्र फरक आहे : युरियातून जस्ताचे स्फटिक तांदळाच्या दाण्यांसारखे येतात, तर ग्लायकॉलमधून पृष्ठभागावर उभ्या पातळ पापुद्र्यांसारखे. भरीव थर हीच मुख्य गरज असेल, तर हे वजन युरियाच्या पारड्यात टाकावे लागेल. ग्लायकॉल विषारी आहे, ही गोष्टही लहान नाही. धुतलेले पाणी मोरीत न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवावे लागते.

तरीही पहिला बाथ ग्लायकॉलचा करावा, असे मी सुचवेन. युरियाची माझी बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, आहे. ऑक्साइडचे काम निघाले, की तेवढ्यापुरती बाहेर येते.