डाव्या कोपरावर हात फिरला, तेव्हाच उठायला हवं होतं

रेकीवर, म्हणजे हात फिरवून ‘ऊर्जा’ देण्याच्या उपचारावर, मी घालवलेले ३६,६०० रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण घरात तो अजून पूर्ण सांगितलेला नाही. नवऱ्याला २५,६०० माहीत आहेत.

इंदूरला माझा पोळीभाजीच्या डब्यांचा व्यवसाय आहे. रोज सव्वाशे पोळ्या, शिवाय सणावाराच्या ऑर्डरी. गेल्या दिवाळीत ४० किलो चकली एकटीने सोऱ्यातून पाडली आणि भाऊबीजेनंतर उजव्या कोपराची बाहेरची बाजू ठणकायला लागली. कपडे पिळता येईनात, बरणीचं झाकण फिरेना, दुधाचं पातेलं हातातून सुटायला लागलं.

मी आधी डॉक्टरकडेच गेले होते, हे नीट वाचा. हाडांच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, टेनिस एल्बो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे धरलेला असतो, तिथे सततच्या कामाने इजा होते. त्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही, लाटणं पुरतं. पट्टा बांधा, व्यायाम करा, सहा आठवडे लाटणं बंद. इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाले, लगेच बरं वाटेल, पण नंतर दुखणं उलटायचा धोका जास्त. बहुतेकांचं वर्षभरात आपोआप बरं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. माणूस खरं बोलत होता. मला मात्र वाटलं, याच्याकडे उपायच नाही. सहा आठवडे डबे बंद ठेवले तर गिऱ्हाईक परत येतं का? ज्यांचं घर महिन्याच्या पगारावर चालतं त्यांनी मला नावं ठेवू नयेत.

रेकी करणारी ती बाई हळदीकुंकवात भेटली. आपल्यातली, मराठी, गोड बोलणारी, मला ‘वहिनी’ म्हणणारी. भिंतीवर ‘रेकी ग्रँडमास्टर’ची फ्रेम. पहिल्या बैठकीचे ५०० रुपये. मग २१ बैठकांचं पॅकेज, १८,९०० आगाऊ. मनगटात घालायचे मणी २,७०० चे. आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘डॉक्टरांचा पट्टा काढा, त्याने ऊर्जा अडते.’ मी काढला. चालू असलेला उपचार कुणी बंद करायला लावला, तर चप्पल घालून बाहेर पडा.

आता तो दिवस. सहावी बैठक, डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, दोन्ही हात शालीच्या आत. खोलीत अंधार, डोळे मिटायचे. ती तळहात चार बोटं वर धरून फिरवायची, स्पर्श नाही. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर हात डाव्या कोपरावर. ‘गाठ सुटतेय वहिनी, केवढी उष्णता येतेय!’ मी म्हटलं, ‘ताई, दुखतो तो उजवा.’ क्षणभरही न अडखळता म्हणाली, ‘माहितीये हो. उजव्याचं मूळ डाव्यात असतं. आज मुळावर काम केलं.’

आणि मी पुन्हा डोळे मिटले. रोज रात्री हे आठवतं. पाच वेळा दुखऱ्या कोपरातून जी उष्णता आली, तीच धडधाकट कोपरातूनही आली, आणि मी विचारलं नाही. का? कारण १८,९०० देऊन बसले होते. उठले असते तर मूर्ख ठरले असते.

भाची फिजिओथेरपी शिकते. तिने नंतर एमिली रोझाचा प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या या मुलीने वयाच्या नवव्या वर्षी, हात न लावता ऊर्जा ओळखतो म्हणणाऱ्या २१ जणांना पडद्यातून दोन्ही हात बाहेर काढायला लावले आणि त्यांच्या एका हातावर आपला हात धरून विचारलं, कोणत्या? २८० वेळा विचारलं, १२३ वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर यापेक्षा बरं झालं असतं. १९९८ साली तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. माझ्या शालीखाली वेगळं काय झालं?

मग देवासला पुतणीचं लग्न. नऊ दिवस मुक्काम. जाताना रेकीवाल्या बाईने ‘दूरस्थ उपचार’ म्हणून ३,५०० घेतले. नऊ दिवसांत दुखणं निम्मं उतरलं. अहो, नऊ दिवस मी लाटण्याला हात लावला नव्हता! पण मी तिला फोन करून रडले आणि परतल्यावर तिने माझा आभाराचा व्हिडिओ काढला. पोळ्या सुरू होताच कळ परत आली, तर म्हणाली, लग्नातली नकारात्मक ऊर्जा चिकटली, दीक्षा घ्या. ११,००० रोख. दीक्षेनंतर महिन्याभराने होळीच्या पुरणपोळीची ऑर्डर मला परत करावी लागली, तेव्हा डोळे उघडले.

पैसे मागितले, तर फोन उचलणं बंद. चौकीत गेले. ‘आंटी, पैसे अपनी मर्ज़ी से दिए थे ना? हाथ फेरने के दिए, हाथ फेरा ना?’ शेजारचा शिपाई हसला. अर्ज घेतलाच नाही. आरोग्य खात्याच्या कार्यालयात सांगितलं, ती डॉक्टर नाही, औषध दिलं नाही, म्हणजे आमच्या अखत्यारीत नाही. डॉक्टर नाही म्हणूनच तर तक्रार आहे! चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे म्हटलं, तर बाबू म्हणाला, वकील करा. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो महाराष्ट्राचा, इथे काय कामाचा? ऑनलाइन तक्रार केली, ती अकरा दिवसांनी ‘निराकरण झाले’ म्हणून बंद. कुणी एक फोन केला नाही. तीन कार्यालयं, चार रिक्षा, दोन दिवसांचे डबे बुडाले, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न: बिल आहे का?

बिल नाही. यूपीआय करताना तिने शेऱ्यात ‘दक्षिणा’ लिहायला लावलं होतं, आणि आता तेच माझ्या विरुद्ध दाखवतात. कुणी असं लिहायला सांगितलं तर लिहू नका. पावती मागा, नाही म्हटलं तर उठा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर आधी बोला. मी अर्ज लिहायला घेतलाय.

सध्या पट्टा बांधते. हात टेबलावर पालथा ठेवून, पाण्याची बाटली धरून डाव्या हाताने वर करायची आणि उजव्याने सावकाश खाली आणायची, असा भाचीने शिकवलेला व्यायाम करते. पोळ्या साठावर आणल्यात, लाटायला एक मुलगी ठेवली आहे.

आमच्या गल्लीतल्या जोशीकाकू माझ्या शब्दावर तिच्याकडे गेल्या, त्यांनीही १८,९०० भरले. त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ? तो व्हिडिओ ती अजून नव्या लोकांना पाठवते. निळी साडी, मनगटात काळे मणी, डोळ्यांत पाणी आणून आभार मानणारी बाई दिसली, तर ती मी आहे. मी त्यात जे बोलले ते मागे घेते. तुम्हाला कुणी तो पाठवला, तर त्यांना हे पाठवा.