मरळ की महसीर: गळ कधी कोणासाठी टाकायचा?

गळाची काठी एक आणि सुट्ट्या मोजक्या, तर आधी महिना बघा, मग मासा ठरवा. मार्च ते मे मरळ, ऑक्टोबर-नोव्हेंबर महसीर. पावसाळ्यात दोघांच्याही वाटेला जाऊ नका.

वीण दोघांची पावसातच, पण तऱ्हा उलट. महसीर, म्हणजे आपली खडशी, पुराच्या पाण्यातून नदीत वर चढते आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालते. अंडी मोठी पण कमी, राखण कोणीच करत नाही; गाळ बसला की ती गुदमरतात. वाटेत धरण आलं तर सगळंच खुंटतं. मरळीला वाहतं पाणी लागत नाही. काठच्या पाणगवतात ती जागा मोकळी करते, अंडी तरंगतात आणि साधारण दीड दिवसात फुटतात. मग केशरी पिल्लांचा पुंजका श्वासाला वर येतो, तिथलं पाणी चुरचुरतं. खाली मोठी मरळ असतेच. तिथे बेडूक टाकला की झडप हमखास, पण ती भुकेची नव्हे, राखणीची. ती मरळ उचललीत की पिल्लं इतर माशांच्या तोंडी. असली शिकार सोपी असते म्हणूनच करू नये.

उन्हाळ्यात पाणी आटतं, छोटे मासे एकवटतात आणि मरळ गवताशी दबा धरते. रबरी बेडूक गवतावरून सावकाश सरकवा. झडप दिसताच झटका दिलात तर गळ रिकामा येतो. दोन अंक मोजा, दोरा ताणला की ओढा. गवतातून खेचायला ४०-५० पौंडांचा ताण झेलणारा विणलेला दोरा हवा.

महसीर घशातल्या दातांनी खेकडे-गोगलगाई फोडतो, पाण्यात पडलेली उंबरंही सोडत नाही. पाणी निवळलं की स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष), नाहीतर नाचणीचा गोळा. पीठ घट्ट शिजवा, सैल गोळा धारेत विरघळतो. पहिली धाव जबरी असते, ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना अडवणारी रिळाची पकड, फार आवळू नका. एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी. तेव्हा लांबलेली झुंज सोडलेल्या माशालाही मारते.

नवख्याने मरळच धरावी. ताटातही तीच बरी, काटे कमी. महसीर सोडूनच द्यायचा: उलटा काटा नसलेला एकेरी गळ, आणि सोडताना तोंड धारेकडे. महाडजवळच्या काळ नदीवरच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहात गळ टाकायचाच नाही. तलाव बहुधा ठेक्यावर असतो, आधी मच्छीमार संस्थेला विचारा.