सातवीनंतर सेमीला जाताना : सांगलीतील एका पूर्वतयारी वर्गाविषयी

आमच्या मुलाचे सातवीपर्यंतचे शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झाले. आठवीला हायस्कूलमध्ये सेमी इंग्रजीच्या तुकडीत नाव घातल्यावर गणित आणि विज्ञान एकाएकी इंग्रजीतून कसे झेपणार, या काळजीने आम्ही त्याला मे महिन्यात विश्रामबागेत एका निवृत्त शिक्षिकेकडे वीस दिवसांच्या पूर्वतयारी वर्गाला पाठवले. वेळ सकाळी आठ ते दहा, शुल्क बाराशे रुपये. आता पहिल्या घटक चाचणीचे पेपर हाती आले आहेत, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

या वर्गाचे मोल मला वाटते ते असे की, तिथे आठवीचे धडे आधीच उरकून टाकण्याची घाई नव्हती. मुलाला मराठीतून जे पक्के येते, तेच मॅडम इंग्रजी शब्दांत पुन्हा करून घेत. वहीचे पान मधोमध दुमडायचे, डावीकडे मराठी संज्ञा लिहायची, उजवीकडे इंग्रजी. लसावि म्हणजे एलसीएम, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, हे पहिल्या दोन दिवसांत झाले. ‘शिरोलंब’ हा शब्द आला तेव्हा मॅडमनी त्याची फोड करायला लावली : शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब. व्याख्या शब्दातच आहे. ‘अल्टिट्यूड’ हा शब्द मुलाला तेवढे सांगत नाही. म्हणून आधी मराठी शब्द म्हणायचा आणि मग इंग्रजी, हा त्यांचा नेम शेवटच्या दिवसापर्यंत मोडला नाही.

आठवीच्या गणितात दुसरेच प्रकरण समांतर रेषा व छेदिका यांचे आहे. जूनमध्ये एका संध्याकाळी मुलगा पुस्तकातल्या ‘अल्टरनेट अँगल्स’पाशी अडला. त्याने आकृतीतल्या दोन कोनांवर बोटे ठेवली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आई, हे तर व्युत्क्रम कोन!” पुढची चार उदाहरणे त्याने न विचारता सोडवली.

शेवटच्या शनिवारी मॅडमनी आदल्या वर्षीच्या मुलांच्या पालकांना बोलावले होते. तो दीड तास मला वीस दिवसांइतकाच मोलाचा वाटला. सांगलीवाडीहून आलेल्या एका वडिलांची मुलगी रोज सायकलने आयर्विन पूल ओलांडून शाळेला जाते. तिला इंग्रजीपेक्षा तासागणिक बदलणारे शिक्षक जड गेले आणि शंका कोणाला विचारावी हे न कळल्याने ती दिवाळीपर्यंत गप्पच राहिली. दुसऱ्या एका ताईंच्या मुलाने हायस्कूलमधल्या मॅडमना सवयीने “बाई” अशी हाक मारली आणि वर्ग हसला, तेव्हापासून तो हात वर करीना. २०२३-२४ पासून आठवीलाही वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही अपयश आल्यास मूल त्याच वर्गात राहते, या धास्तीने काहींनी जूनमध्येच दोन-दोन शिकवण्या लावल्या होत्या. वर्गशिक्षकांना पालकसभेची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात भेटावे, यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते. आम्ही तसे केले आणि मुलाला शंका कधी व कुठे विचाराव्यात, हे त्यांनी स्वतः त्याला समजावून सांगितले.

उणीव आहे ती विज्ञानाची. त्याला जेमतेम तीन दिवस मिळाले आणि तेही शब्द व स्पेलिंग पाठ करण्यात गेले. वाक्यात उत्तर लिहिण्याचा सराव झालाच नाही. घटक चाचणीत गणितात वीसपैकी सतरा गुण पडले आणि विज्ञानात अकरा. विज्ञानाचा पेपर मी वाचला. मुद्दा बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, वाक्य मात्र अर्ध्यावर तुटले आहे. शिवाय सांगलीचा मे महिना, एका खोलीत तीस मुले आणि दोनच पंखे. मागच्या रांगेतून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही. हे मी मॅडमना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले आणि विज्ञानासाठी पाच दिवस वाढवण्याचा विचार असल्याचे सांगितले.

दोन वर्षांनी धाकटीलाही तिथेच घालणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवावे, कारण पुढच्या रांगांतल्या जागा नावनोंदणीच्या क्रमाने मिळतात.