विहिरीतल्या सहा सावल्या आणि 'डंजन मास्टर्स गाइड'

आमचा गट एक रविवार सोडून एक रविवार प्रतापनगरात एका मित्राच्या घरी, गच्चीलगतच्या खोलीत जमतो. दुपारी तीनला फासे पडू लागतात ते रात्रीच्या जेवणापर्यंत थांबत नाहीत. मे महिन्यात कूलरच्या आवाजावर आवाज चढवून बोलावे लागते, तरी कोणी गैरहजर राहत नाही. बाकीचे एकेक पात्र खेळतात; गोष्ट आणि शत्रू चालवण्याचे, म्हणजे डीएमचे (डंजन मास्टरचे) काम माझ्याकडे आहे, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, 2014 साली आलेले 'डंजन मास्टर्स गाइड' गेली चार वर्षे माझ्या हाताशी असते. 320 पानांच्या या पुस्तकाचे सर्वांगीण परीक्षण मी येथे करणार नाही. जीवघेणी लढत कशी उभी करावी आणि नियम बदलायचे झाल्यास ते कसे व केव्हा बदलावेत, या दोन प्रश्नांपुरते ते कितपत उपयोगी पडते, एवढेच मला सांगायचे आहे, कारण नवा डीएम नेमका तिथेच अडतो.

लढतीचा हिशेब तिसऱ्या प्रकरणात आहे. पात्रांच्या लेव्हलनुसार, म्हणजे अनुभवाने चढणाऱ्या पातळीनुसार, सोपी, मध्यम, कठीण आणि 'डेडली' (जीवघेणी) अशा चार पायऱ्या ठरवून प्रत्येकीचे एक्सपी, म्हणजे राक्षसांना हरवून मिळणारे अनुभवाचे गुण, दिले आहेत. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी कठीण लढत 900 पासून आणि डेडली 1600 पासून सुरू होते. राक्षसांच्या एक्सपीची बेरीज करायची आणि ते एकाहून जास्त असतील तर त्या बेरजेला गुणक लावायचा: दोघांना दीडपट, तीन ते सहांना दुप्पट, सात ते दहांना अडीचपट. या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा विचार हाच गुणक आहे, असे माझे मत आहे. ज्या बाजूला एका फेरीत जास्त वार करायला मिळतात ती बाजू जिंकते, हे कोणत्याही डीएमला दोन-तीन लढतींनंतर कळते. पुस्तक ते आधीच सांगून ठेवते.

एकट्या राक्षसाच्या बाबतीत हा हिशेब बराचसा खरा ठरतो. पहिल्या लेव्हलच्या चौघांची डेडली मर्यादा 400 आहे आणि ओगर नावाच्या एका धिप्पाड राक्षसाचे एक्सपी 450 आहेत, म्हणजे एकटा ओगरसुद्धा डेडली. त्याच्या सोट्याचा घाव आठ बाजूंचे दोन फासे अधिक 4 इतका असतो. घावाने एचपी, म्हणजे जिवाचे गुण, शून्यावर आल्यानंतरही उरलेले नुकसान पात्राच्या कमाल एचपीइतके किंवा त्याहून जास्त असेल, तर डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवण्यासाठी फासा टाकण्याची संधी, न मिळता पात्र जागीच मरते. आठ एचपीच्या जादूगाराला त्यासाठी 16 चा घाव पुरतो, आणि ओगरने टाकलेल्या दोन फाशांच्या 64 शक्यतांपैकी 15 मध्ये तो पडतो. सोटा नीट बसला की जवळजवळ चारात एकदा थेट मृत्यू, आणि क्रिट, म्हणजे दुप्पट फाशांचा घाव, झाला तर विचारायलाच नको. इथे 'डेडली' हा शब्द पुस्तकाने जपून वापरला आहे.

अडचण पुढे येते. नगरधनचा किल्ला पाहून आल्यानंतर मी एका पडक्या कोटाचा नकाशा काढला होता; त्यात मधोमध पायऱ्यांची विहीर होती आणि तिच्या तळाशी सहा 'शॅडो', म्हणजे सावलीच्या रूपातले राक्षस, ठेवल्या होत्या. एका शॅडोचे 100 एक्सपी, सहांचे 600, दुप्पट केल्यावर 1200. कोष्टकाप्रमाणे ही लढत कठीण होती, डेडली नव्हती, आणि एवढे पाहून मी निर्धास्त झालो. शॅडोचा घाव एचपी तर कमी करतोच, शिवाय चार बाजूंच्या फाशावर येईल तितकी स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडाही, ओढून घेतो. स्ट्रेंग्थ शून्यावर आली की पात्र मरते, एचपी कितीही शिल्लक असोत. जादूगार माझी मावसबहीण खेळत होती. तिची स्ट्रेंग्थ 8 होती, एचपी 20. पहिल्याच फेरीत दोन शॅडोंचे हात तिला लागले; नुकसान 8 आणि 10, आणि चार बाजूंच्या फाशावर दोन्ही वेळा 4. तिच्या कागदावर अजून दोन एचपी उरले होते. तिने पेन्सिल हातात धरून विचारले, "दादा, दोन आहेत ना अजून? मग मी पडले कशी?" मी तिला नियम वाचून दाखवला. कूलर सोडून खोलीत दुसरा आवाज नव्हता.

ही चूक माझी होती. राक्षसाचे पान मी पूर्ण वाचायला हवे होते. तरीही त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडून बसलो तेव्हा त्यातली खरी उणीव ध्यानात आली. कोष्टक राक्षस किती मारतो ते मोजते. तो कशाने मारतो हे ते मोजत नाही. शॅडोची 100 ही किंमत तिचे एचपी, बचाव, वार आणि घाव यांवर बेतलेली आहे. 8 स्ट्रेंग्थच्या पात्राला दोन घावांत मरण येऊ शकते, ही गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही. साध्या शस्त्रांचे तिला अर्धेच नुकसान होते, आणि तिसऱ्या लेव्हलला जादूचे शस्त्र सगळ्यांकडे असतेच असे नाही, हेही दिसत नाही. आता मी एक्सपीची बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक पात्राचा सर्वांत दुबळा आकडा कागदावर लिहून घेतो आणि निवडलेला राक्षस त्याच आकड्यावर वार करतो का, ते पाहतो. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी उणीव मांडणीची आहे आणि ती मला अधिक खटकते. डेडली लढतीचे कोष्टक तिसऱ्या प्रकरणात, पळण्याचे आणि पाठलागाचे नियम आठव्यात, आणि शत्रूचा धीर खचण्याचा नियम नवव्यात. जीवघेणी लढत चालवणाऱ्याला हे तिन्ही एकाच वेळी लागतात. शॅडोचा वेग एका फेरीत 40 फूट आणि माणसाचा 30, त्यामुळे चौकटींच्या नकाशावर त्या विहिरीतून पळून जाणे अशक्यच होते. माझ्या खेळाडूंनी मनोमन तेवढा हिशेब केला आणि ते तिथेच लढत राहिले. पाठलागाच्या नियमांत मात्र प्रत्येकाला 3 अधिक त्याचे कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (अंगातल्या दमावरून मिळणारी भर) इतक्या वेळा फुकट धावता येते, त्यानंतरच्या प्रत्येक धावेला 10 ची कॉन्स्टिट्यूशन तपासणी, म्हणजे फासा आणि मॉडिफायर मिळून 10 गाठण्याची परीक्षा, द्यावी लागते, आणि वाटेत दोन्ही बाजूंना अडथळे येतात. त्यातच शॅडोला ऊन सोसत नाही; उन्हात तिचे सगळे वार डिसअॅडव्हान्टेजने, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरून, होतात. पायऱ्या चढून वर आलो की दुपारचे ऊन आहे, ही साधी गोष्ट मी टेबलावर बोललो असतो, तर ती लढत पाठलागाची झाली असती. धोका कितीही मोठा असला तरी चालेल; तो आधी दिसला पाहिजे आणि त्यातून बाहेर पडण्याची एक तरी वाट असली पाहिजे. पुस्तकात हे तुकड्यातुकड्यांनी आहे, पण ते एकत्र जोडण्याचे काम डीएमवर सोडले आहे.

धीर खचण्याचा नियम फार जणांच्या टेबलावर मला दिसला नाही, म्हणून त्याची मुद्दाम शिफारस करतो. शत्रू बेसावध सापडला, त्याचे एचपी निम्मे किंवा त्याहून कमी झाले, किंवा समोरच्यांना इजा करण्याचा त्याच्याकडे काहीच मार्ग उरला नाही, तर त्याने 10 चा विज्डम सेव्ह, म्हणजे शहाणपणाच्या आकड्यावरची तशीच परीक्षा, टाकायचा आणि चुकल्यास शरण जायचे किंवा पळायचे. हा नियम आल्यापासून आमच्याकडचे दरोडेखोर शेवटच्या एचपीपर्यंत लढत नाहीत, लढती लवकर संपतात, आणि पकडलेल्या माणसांशी बोलण्यात खेळाचा उत्तम वेळ जातो.

विश्रांतीच्या पर्यायी नियमांबद्दल मात्र मी सावध राहायला सांगेन. 'ग्रिटी रिअलिझम' या पर्यायात शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट (खर्चलेली जादू भरून देणारी मोठी विश्रांती) सात दिवसांची होते. धोका खरा वाटावा म्हणून आम्ही तो तीन महिने चालवला. गावात थांबणे, जखमा भरू देणे, उपचाराला पैसे मोजणे हे सगळे छान जमून आले. पण 'मेज आर्मर' ही जादूगाराचे रक्षण करणारी जादू आठच तास टिकते. पूर्वी एका जादूत पूर्ण दिवस निघत असे, आता सात दिवसांच्या विश्रांतीपर्यंत तीच जादू रोज नव्या स्पेल स्लॉटने, म्हणजे जादूच्या मोजक्या संधींपैकी एक खर्चून, टाकावी लागू लागली, आणि भार पडला तो एकट्या जादूगारावर. जादूंच्या मुदती त्या प्रमाणात वाढवाव्यात, असे त्या पर्यायात सुचवलेले नाही. शेवटी आम्ही आठ तासांच्या मुदती तीन दिवसांच्या केल्या, तेव्हा तो नियम अंगवळणी पडला. दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढती, हा पुस्तकाचा अंदाजही आमच्यासारख्या गटांना लागू पडत नाही; चार-पाच तासांत आमच्या दोन लढती होतात, सगळे ताज्या दमाने उतरतात, आणि कोष्टकातली डेडली लढत कित्येकदा सहज सुटते.

फासे पडदा लावून टाकावेत की उघड्यावर, आणि पडद्याआड आलेला आकडा बदलावा का, याची चर्चा पुस्तकात आहे. निर्णय ते डीएमवर सोपवते. माझा निर्णय त्या विहिरीनंतर झाला. बदल लढतीआधी करावा. ओगरचे सरासरी एचपी 59 असले तरी त्याच्या फाशांप्रमाणे ते 28 ते 91 यांतले काहीही असू शकतात, शॅडोचे 6 ते 27. एवढी मोकळीक नियमांतच आहे आणि ती आधी ठरवली तर कोणाचीही फसवणूक होत नाही. लढत सुरू झाल्यावर काही बदलावेच लागले, तर ते मोठ्याने सांगून, सगळ्यांच्या संमतीने बदलावे. त्या रविवारी मी मावसबहिणीला विचारले होते की, आपण हे मागे घ्यायचे का? ती नाही म्हणाली. नव्या पात्राचा कागद तिने त्याच संध्याकाळी भरायला घेतला.

2024 साली या पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली. ती मी एका मित्राकडून आणून वाचली. तिच्यात गुणक काढून टाकला आहे आणि चारऐवजी तीनच पायऱ्या ठेवल्या आहेत. हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. पण तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी सर्वांत खालची पायरी 600 ची आहे, म्हणजे माझ्या त्याच सहा शॅडो नव्या कोष्टकात सर्वांत सौम्य लढतीत बसतात. हे मला पटत नाही, आणि म्हणून एकच प्रत घ्यायची असेल तर या कामासाठी मी अजूनही 2014 चीच घ्यायला सांगेन. ज्यांना आधी पारखून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी राक्षसांचे तपशील आणि मूळ नियम असलेला एसआरडी हा अधिकृत दस्तऐवज जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. ओगर आणि शॅडो दोन्ही त्यात सापडतील.

ती विहीर मी नकाशावरून काढली नाही. या पावसाळ्यात गट पुन्हा तिथे गेला. या वेळी काठाशी बसलेल्या गुराख्याने त्यांना सांगितले की, ढग आले की तो गुरे इकडे आणत नाही. मावसबहिणीच्या नव्या पात्राने आधी आभाळाकडे पाहिले, मग दोर किती लांब आहे ते विचारले.