तीन बटणं की बोटांचे इशारे?

२०१७ मध्ये आयफोन टेनने होम बटण काढलं आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये पूर्ण इशाऱ्यांची, म्हणजे बटणांऐवजी स्क्रीनवर बोट सरकवून फोन चालवायची, पद्धत आली. तरी स्क्रीनच्या तळाशी मागे, होम आणि अलीकडची अ‍ॅप्स अशा तीन बटणांचा पर्याय अँड्रॉइडने अजून ठेवलाय, आणि ते योग्यच आहे.

मी स्वतः इशारेच वापरतो. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरलेली असताना मोठ्या फोनवर अंगठा खाली बटणापर्यंत न्यावा लागत नाही. डाव्या-उजव्या कुठल्याही कडेवरून बोट आत सरकवलं की मागचा स्क्रीन. तळाशी आडवं बोट फिरवलं की आधीचं अ‍ॅप हजर. अँड्रॉइड १५ मध्ये तर, ज्या अ‍ॅपने सोय केलीय तिथे, बोट उचलण्याआधीच मागचा स्क्रीन डोकावतो. चुकतंय वाटलं तर बोट परत कडेला न्यायचं. मला हा बदल फार आवडला.

त्रास एकच: डाव्या कडेतून मेनू ओढायला जावं तर अ‍ॅपच मागे जातं. सेटिंगमध्ये संवेदनशीलता कमी केली की बरंच सुधारतं.

बटणं थोडी जागा खातात, पण ती दिसतात. आईला फोनवर "खालचा त्रिकोण दाब" एवढं सांगून भागतं. कडेवरून किती सरकवायचं, हे शब्दांत सांगताच येत नाही. तिच्या फोनवर बटणंच आहेत.